शिकवणाऱ्याची भाषा : कारखान्यातलं प्रशिक्षण आणि आपण



साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत कारखान्यातल्या प्रशिक्षणाचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटलं असेल. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, धार-देवासच्या गाद्यांचा इतिहास हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या पंगतीत पॉवर प्रेस आणि पाना-हातोडी कुठे बसवायची? पण हा विषय मी आपणहून मागून घेतला आहे. मी आयुष्यभर कारखान्यात नव्या मुलांना काम शिकवलं. त्यात माझं जे मोठं चुकलं, ते यंत्राच्या बाबतीत चुकलं नाही. शब्दांच्या बाबतीत चुकलं. आणि शब्दांचा विषय साहित्य संस्थेत नाही मांडायचा, तर कुठे मांडायचा?

शिवाय हा विषय आता आपल्या घरातला झाला आहे. अठराव्या शतकात पवारांबरोबर आपले पूर्वज माळव्यात आले. कुणी धारला स्थिरावलं, कुणी देवासच्या थोरल्या पातीत, कुणी धाकट्या पातीत. त्यांनी दरबारी कारकुनी केली, शाळांतून मास्तरकी केली. आज त्याच घरांतली मुलं-मुली देवासच्या औद्योगिक वसाहतीत आणि धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला नोकरीला जातात. त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला कधी ना कधी शिकवण्याचं काम येतं. कुणी ट्रेनिंग विभागात असतं, कुणी सुपरवायझर म्हणून हाताखालची पोरं तयार करतं, तर कुणाला निवृत्तीनंतर प्रशिक्षक म्हणून परत बोलावलं जातं. ‘काम येतं, बोलता येतं, मग शिकवणं काय अवघड?’ असं म्हणून आपण ते अंगावर घेतो. मीही तसंच घेतलं होतं.

‘बंद’ म्हणजे काय?

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. कारखान्याचं नाव सांगायची गरज नाही. ती कुठेही घडू शकली असती. पत्र्याचे भाग कापणाऱ्या पॉवर प्रेसवर बावीस नवी मुलं कामाला येणार होती. मी त्यांना तासभर सुरक्षेवर व्याख्यान दिलं. फळ्यावर आकृत्या काढल्या. माझं हिंदी चांगलं, आवाज खणखणीत. शेवटी विचारलं, “समझ में आया?” बावीस माना हलल्या. रजिस्टरवर बावीस सह्या झाल्या.

नवव्या दिवशी त्यांतल्या एकाच्या तर्जनीचं टोक गेलं. डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला त्याने हात घातला होता. दवाखान्यात त्याला भेटायला गेलो, तेव्हा खरं सांगतो, मनातून मला त्याचाच राग आला होता. मशीन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, हे मी किती वेळा बजावलं होतं! तो खालच्या मानेने म्हणाला, “साब, बंद तो करी थी.”

आणि ते खरं होतं. त्याने लाल बटण दाबलं होतं, मोटर थांबली होती. पण त्या जातीच्या प्रेसचं जड चाक मोटर थांबल्यावरही काही वेळ फिरत राहतं. त्याच्यात साठलेला जोर एक फटका मारायला पुरेसा असतो. तेवढ्यात चुकून पाय पेडलवर पडला, की क्लच गुंततो आणि प्रेस खाली येते. तेच झालं होतं. माझ्या मनात ‘बंद’ या शब्दाचा अर्थ असा होता : बटण दाबायचं, मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालून आपल्या नावाची पाटी अडकवायची आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. त्याच्या मनात ‘बंद’चा अर्थ घरातला पंखा बंद करतात तेवढाच होता. शब्द एकच, त्याचं बोलणंही खरं आणि माझंही खरं.

चौकशी झाली. समितीने रजिस्टर मागवलं. त्यात त्या मुलाची सही होती, म्हणून मी सुटलो. ‘प्रशिक्षण रीतसर दिले होते’ असा शेरा पडला. त्या शेऱ्याने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. कारण मी प्रशिक्षण दिलंच नव्हतं, मी फक्त बोललो होतो. बोलणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे मला त्या मुलाच्या बोटाने शिकवलं. आज तुम्हाला जे सांगणार आहे, त्याचं सार एवढंच आहे : शिकवणाऱ्याचं बोलणं किती चांगलं होतं हे त्याच्या तोंडावरून ठरत नाही, शिकणाऱ्याच्या हातावरून ठरतं.

पंचपदीपासून पीथमपूरपर्यंत

त्यानंतर मी हाताला लागेल ते वाचू लागलो आणि एक गमतीची गोष्ट कळली. कारखान्यात शिकवण्याचं जे शास्त्र आज जगभर चालतं, त्याचं मूळ आपल्या माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत पडून आहे.

तुमच्यापैकी अनेकांची आई, आत्या किंवा मावशी शिक्षिका असेल. ट्रेनिंग कॉलेजात असताना त्यांनी पाठांची टाचणं लिहिली असतील. त्या टाचणांत हर्बार्टची पंचपदी असे : पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. हर्बार्ट हा जर्मन तत्त्ववेत्ता. तो १८४१ साली वारला. नवं ज्ञान आधीच्या ज्ञानाला जोडून दिलं तरच ते टिकतं, हे त्याचं मुख्य म्हणणं. पुढे त्याच्या अनुयायांनी त्याच्या पाच पायऱ्या पाडल्या. इंग्रजी अमदानीत त्या आपल्या अध्यापन विद्यालयांत आल्या आणि मराठी गुरुजींच्या अंगवळणी पडल्या.

त्याच पायऱ्यांची दुसरी शाखा अमेरिकेत गेली. पहिल्या महायुद्धात तिथे जहाजं बांधायला हजारो नवखे कामगार घ्यावे लागले. त्यांना झटपट शिकवायचं कसं, हा प्रश्न चार्ल्स अॅलन या औद्योगिक शिक्षणातल्या माणसापुढे आला. त्याने हर्बार्टच्या विचाराला कारखान्याचे कपडे चढवले आणि चार पायऱ्या केल्या : तयारी, मांडणी, उपयोग, परीक्षा. १९१९ साली त्याचं यावरचं पुस्तक निघालं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४० मध्ये, अमेरिकन सरकारने कारखान्यांतल्या अंतर्गत प्रशिक्षणासाठी एक खास सेवा उभारली आणि अॅलनच्या चार पायऱ्या तिच्या पायाशी घेतल्या. १९४५ पर्यंत सोळा हजारांहून अधिक कारखान्यांतल्या सोळा लाखांवर लोकांना तिने प्रशिक्षण दिलं. युद्धानंतर ती पद्धत जपानला गेली, तिथल्या मोटार कारखान्यांनी ती उचलली आणि आजही जपली आहे.

आपल्याकडेही ‘शिकवणाऱ्याला आधी शिकवा’ ही जाणीव उशिरा आली असं नाही. १९४८ साली, स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष होत असताना, बिलासपूरजवळ कोनी इथे कारागिरांच्या प्रशिक्षकांना तयार करणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. ‘उमेदवार’ हा शब्द तर आपला जुनाच. कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी बसून, मोडीचा कित्ता गिरवून काम शिकणाऱ्या पोराला उमेदवार म्हणत. आपल्या पणजोबांनी दरबारात जी उमेदवारी केली, तीच पुढे कायद्याच्या भाषेत कारखान्यात गेली.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकात पीथमपूर उभं राहिलं. तिथे जपानी भागीदारीतून स्कूटर आणि मालमोटारी तयार होऊ लागल्या. आत्याच्या टाचणवहीतली पंचपदी आणि भाच्याच्या खिशातलं प्रशिक्षकाचं कार्ड ही चुलत भावंडं आहेत. आपण मात्र त्यांची ओळख कधी करून दिली नाही. घरात मास्तरकीची तीन पिढ्यांची पुंजी असताना आपला पोरगा कारखान्यात जाऊन तासभर व्याख्यान देतो आणि सह्या घेतो.

चार पायऱ्या

त्या युद्धकाळातल्या प्रशिक्षणात एक छोटा प्रयोग करून दाखवत. विजेच्या दिव्याच्या तारेला मारायची एक साधी गाठ असते. तार ओढली गेली तरी ताण जोडावर येऊ नये म्हणून ती मारतात. शिकवणारा एकाला पुढे बोलावून ही गाठ फक्त तोंडी सांगे. त्याला ती जमत नसे. मग दुसऱ्याला बोलावून, काही न बोलता फक्त मारून दाखवी. त्यालाही जमत नसे. मग तिसऱ्याला चार पायऱ्यांनी शिकवी आणि त्याला जमे.

या प्रयोगासाठी तार नसेल तर मोदक घ्या. ज्याने कधी मोदक वळला नाही अशा माणसाला फोनवरून कळ्या पाडायला शिकवून बघा. ‘अंगठा आत, दोन बोटं बाहेर, चिमटीत धरून...’ एवढ्यावर पारी फाटलेली असेल.

पहिली पायरी तयारीची. यात दोन तयाऱ्या येतात, एक शिकवणाऱ्याची आणि एक शिकणाऱ्याची. शिकवणाऱ्याने वर्गात जाण्यापूर्वी कामाची फोड करायची. एका कागदावर डावीकडे कामाचे टप्पे लिहायचे आणि उजवीकडे प्रत्येक टप्प्यातली मेख. मेख म्हणजे ती गोष्ट, जी चुकली तर काम बिघडतं किंवा माणूस दुखावतो, आणि साधली तर काम सोपं होतं. मी प्रेसच्या कामाची अशी फोड आधी केली असती, तर ‘मशीन बंद करणे’ या टप्प्यासमोर ‘चाक थांबलं का ते डोळ्यांनी बघणे’ ही मेख मला लिहावीच लागली असती. आपल्याला जे काम फार चांगलं येतं, त्यातली मेख आपल्याला दिसेनाशी झालेली असते. म्हणून उत्तम कारागीर आपोआप उत्तम प्रशिक्षक होत नाही. त्याला स्वतःच्या हाताकडे परक्यासारखं बघायला शिकावं लागतं.

शिकणाऱ्याची तयारी म्हणजे त्याची भीती घालवणं, त्याला आधीच काय येतं ते विचारणं आणि त्याला योग्य जागी उभं करणं. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिथेच पुष्कळ गोंधळ होतो. शिकवणारा समोर उभा राहून ‘उजव्या हाताने’ म्हणतो. समोरच्याला तो डावा दिसतो. देवासला पंप बनतात. पंप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो असं म्हणताना, कोणत्या बाजूने पाहून, हे सांगितलं नाही तर वाक्याला अर्थच राहत नाही. मोटरच्या बाजूने पाहिलं तर एक दिशा, उलट बाजूने पाहिलं तर दुसरी. म्हणून शिकणाऱ्याला समोर नव्हे, शेजारी उभं करा. आजी नातीला चुलीपाशी बाजूलाच बसवून घेते ना, तसं.

दुसरी पायरी मांडणीची : सांगा, दाखवा, पुन्हा दाखवा. आधी नुसते टप्पे, मग टप्प्यांबरोबर मेखा, मग प्रत्येक मेखेचं कारण. आणि एका वेळी पेलेल तेवढंच. नुसतं सांगण्याची ताकद किती थोडी असते याचा अनुभव लक्ष्मणराव किर्लोस्करांइतका क्वचितच कुणाला आला असेल. ते आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती तोंडी समजावून गेली नाही. नांगर शेतात चालताना दिसला तेव्हा हळूहळू गेली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा कामाला आली ती बरीचशी आसपासच्या खेड्यांतली माणसं. त्यांना कारखाना नवा होता. त्यांना कामावरच, हाताला हात लावून तयार करावं लागलं. त्याच घराण्याच्या उद्योगाचा पंपांचा कारखाना आज देवासला आहे.

तिसरी पायरी करून बघण्याची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आता शिकणाऱ्याने काम करायचं आणि शिकवणाऱ्याने गप्प बसायचं. पहिल्यांदा त्याला नुसतं करू द्या. दुसऱ्यांदा करताना त्यालाच टप्पे बोलायला लावा. तिसऱ्यांदा मेखा आणि त्यांची कारणं बोलायला लावा. ‘चाक थांबेपर्यंत का थांबायचं?’ याचं उत्तर तो स्वतःच्या शब्दांत देईल, तेव्हाच पुढे जायचं. चूक होताना दिसली तर लगेच थांबवा, पण ओरडू नका. चुकीची सवय एकदा हातात बसली की ती मोडायला दुप्पट वेळ लागतो.

चौथी पायरी मागोवा घेण्याची. मुलाला कामावर सोडताना सांगा, अडलं तर कुणाला विचारायचं. त्या माणसाचं नाव सांगा, ‘कुणालाही विचार’ म्हणू नका. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा जाऊन बघा, मग कमी कमी करत जा. मी नऊ दिवसांत एकदाही त्या प्रेसकडे फिरकलो नव्हतो.

या पद्धतीचं एक ब्रीद होतं, त्याचा आशय असा : कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. आपल्याकडे याच्या उलट म्हणायची सवय आहे. ‘एवढं सांगितलं, तरी डोक्यात शिरत नाही.’ ज्या दिवशी हे वाक्य तोंडात येईल, त्या दिवशी चौकशी स्वतःची करायची.

‘बेताचं’, ‘खाली’ आणि ‘कल’

आता भाषेकडे वळू. माझी आई पुरणपोळी शिकवताना म्हणायची, ‘पाणी बेताचं घाल, कणीक सैलसर मळ, आच मंद ठेव.’ तिच्या लेकींना त्यातला प्रत्येक शब्द कळायचा, कारण त्या वीस वर्षं तिच्या शेजारी उभ्या होत्या. कारखान्यात आलेला मुलगा आपल्या शेजारी वीस वर्षं उभा नसतो. त्याच्याशी ‘बेताचं’, ‘जरा’, ‘नीट’, ‘व्यवस्थित’ हे शब्द वापरणं म्हणजे आपलं अर्धं ज्ञान खिशातच ठेवणं. ‘नट चांगला घट्ट कर’ म्हटलं की पैलवान तो पिळून आटे घालवतो आणि काडीपैलवान सैल ठेवतो. त्याऐवजी ठरलेला जोर लागताच ‘कट्’ आवाज देणारा पाना हातात द्या आणि सांगा, ‘आवाज आला की थांब.’ विशेषणाच्या जागी माप, आवाज, रंग किंवा खूण ठेवता आली पाहिजे. ‘बंद’च्या जागी आम्ही पुढे ठेवलं ते असं : चाकावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला. पट्टा स्थिर दिसला तरच हात.

दुसरा मुद्दा खास आपल्या मंडळींसाठी. आपण घरी मराठी बोलतो, बाहेर हिंदी. दोन्ही इतकी सराईत की आपण एकीतून दुसरीत कधी गेलो ते आपल्यालाच कळत नाही. पण या दोन भाषांत काही शब्द फसवे आहेत. ‘शिक्षा’ तिकडे शिक्षण, इकडे दंड. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. ‘आपत्ती’ तिकडे हरकत, इकडे संकट. यांची आपण गंमत करतो. कारखान्यात मात्र सगळ्यांत धोक्याचा शब्द ‘खाली’. मराठीत खाली म्हणजे तळाकडे, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. पुण्याहून नव्याने आलेल्या एका इंजिनिअरने क्रेनच्या दोरखंडाला लटकलेली तेलाची टाकी उतरवायला सांगताना घाईत “टंकी खाली करो” म्हटलेलं मी ऐकलं आहे. मुलाने आज्ञाधारकपणे तोटी सोडली. त्या दिवशी फक्त जमीन तेलकट झाली आणि सगळे हसले. पण ते हसण्यावारी गेलं हे नशीब.

तसाच ‘कल’. मराठीत काल वेगळा आणि उद्या वेगळा; हिंदीत दोन्हींना एकच शब्द. वाक्यातलं क्रियापद ऐकू आलं तर प्रश्न नाही. पण पाळी बदलताना वहीत घाईघाईने लिहिलेलं ‘ग्रीस, कल’ हे काल लावलं की उद्या लावायचं? वहीत वार आणि तारीख लिहा, एवढा साधा उपाय आहे. तो सुचायला मात्र आधी शब्दावर संशय घ्यावा लागतो. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला असा संशय घेणं सोपं जायला हवं. ते आपलं बलस्थान आहे, आपण ते वापरत नाही इतकंच.

आणि समोरच्या मुलाची भाषा कोणती, हेही विचारलं पाहिजे. कुक्षी, मनावर, गंधवानीकडून येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी भिली किंवा निमाडी बोलतात. देवासच्या आसपासच्या खेड्यांत माळवी. म्हणजे यंत्राची पुस्तिका इंग्रजीत, प्रशिक्षक मनात मराठी, तोंडी हिंदी, आणि ऐकणारा ते मनात भिलीत नेतो. एवढ्या घाटांवरून गेलेलं पाणी गढूळ झालं नाही तरच नवल. म्हणून ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ हा प्रश्न मी पुढे प्रत्येक तुकडीला विचारू लागलो. त्यातून मला अनेक शब्द मिळाले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलं बोलू लागली.

ऐकणं

मुलं एरवी का बोलत नाहीत? त्यांना कळलेलं असतं म्हणून नव्हे. मोठ्यांसमोर ‘नाही समजलं’ म्हणणं म्हणजे मोठ्यांचा अपमान, आणि स्वतःच्या अकलेचीही जाहिरात, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. आपल्या घरांतही तेच शिकवतात. त्यामुळे ‘समझ में आया?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं. हा प्रश्नच टाकून द्या. त्याऐवजी म्हणा, ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचं आहे, आता तू मला शिकव.’ यात परीक्षा शिकवणाऱ्याची होते, मुलाची मान खाली जात नाही. आणि प्रश्न विचारल्यावर दहा आकडे मनात मोजा. शिकवणाऱ्याला शांतता सहन होत नाही, म्हणून तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

चूक सुधारण्याचीही एक रीत आहे. चारचौघांत चूक दाखवली तर माणूस ती सुधारत नाही, लपवायला शिकतो. आणि कारखान्यात लपवलेली चूक पुढच्या पाळीतल्या माणसावर पडते.

देवासकरांना ऐकण्याचं महत्त्व मी काय सांगावं? कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत आणि लोक थक्क होत. पुढे मुंबईला बी. आर. देवधरांकडे ते शिकले. हुबेहूब गाणाऱ्या मुलाला गुरूची गरज काय, असं कुणालाही वाटलं असतं. पण नक्कल करता येणं आणि कळणं यांत अंतर असतं, ते तिथे भरून निघालं. १९४८ साली क्षयाच्या आजारात ते देवासला आले. गायची बंदी असताना त्यांनी काय केलं? ऐकलं. आसपासच्या बायाबापड्यांची माळवी लोकगीतं ऐकली, आणि त्या ऐकण्यातून पुढचं गाणं घडलं. कारखान्याची आणि गाण्याची बरोबरी करायची नाही. पण आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या माणसाकडून ऐकण्यासारखं काही असतं, हे याच गावात एका मोठ्या माणसाने करून दाखवलं आहे. प्रेसवर पांढरा पट्टा ओढायची कल्पनाही माझी नव्हती. ती दुसऱ्या एका मुलाची. त्याच्या घरी पिठाची गिरणी होती.

रजिस्टर आणि हात

शेवटचा प्रश्न मोजमापाचा. प्रशिक्षण संपलं की एक कागद भरून घेतात : कार्यक्रम कसा वाटला, वक्ता कसा वाटला, चहा कसा होता. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पातळ्या मांडल्या. पहिली, शिकणाऱ्याला कसं वाटलं. दुसरी, तो काय शिकला. तिसरी, कामावर गेल्यावर त्याचं वागणं बदललं का. चौथी, त्याने कामाचं काही भलं झालं का. आपले बहुतेक कागद पहिल्या पातळीवरच थांबतात. माझ्या त्या व्याख्यानालाही कुणी वाईट म्हटलं नसतं. बावीस जणांनी ‘उत्तम’वरच खूण केली असती.

तिसरी पातळी तपासायला फार खर्च लागत नाही. आठवड्याने यंत्रापाशी जाऊन पाच मिनिटं उभं राहावं लागतं. मुलगा तुकडा अडकल्यावर काय करतो ते बघायचं. तो पट्ट्याकडे बघतो का? कुलूप घालतो का? घालत नसेल तर का नाही, कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते का? कधी कधी दोष शिकवण्यात नसतो, व्यवस्थेत असतो. दिवसाकाठी इतके भाग काढलेच पाहिजेत असा धाक असेल, तर चाक थांबण्याची वाट कोण बघेल? अशा वेळी प्रशिक्षकाने ते वर जाऊन सांगायचं असतं. खालच्यांशी बोलता येणं हे संवादकौशल्य, आणि वरच्यांना नको असलेलं सांगता येणं हेही संवादकौशल्यच. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड, आणि त्याचा वर्ग कुठे भरत नाही.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी असं शिकवण्याचं काम करत असेल, तर दोन गोष्टी करून बघा. माळ्यावरची ती टाचणवही असेल तर काढून त्याच्या हातात द्या, आणि घरात निवृत्त शिक्षिका असतील तर त्यांच्याशेजारी त्याला तासभर बसवा. दुसरी गोष्ट, तुम्ही स्वतः घरात कुणाला काही शिकवत असाल, मग ती पुरणपोळी असो, गाडी चालवणं असो की आजोबांना मोबाईलवरून पैसे पाठवणं असो, शेवटी ‘समजलं का?’ असं विचारू नका. ‘आता तुम्ही करून दाखवा’ म्हणा, आणि हात मागे बांधून उभे राहा. पहिल्या खेपेला तुम्हालाच कळेल की आपण काय सांगायचं राहून गेलं.

तो मुलगा पुढे त्याच कारखान्यात पंधरा वर्षं होता. प्रेसवर येणाऱ्या नव्या मुलांना शिकवायला आम्ही नंतर त्यालाच उभं करत असू. तो फार बोलायचा नाही. आधी आपलं बोट दाखवायचा, मग पांढऱ्या पट्ट्याकडे बोट करायचा, आणि मग म्हणायचा, “अब तू करके बता.”